ठकूमावशीच्या समोरची जागा

"मधनं जाऊ नगंस, पोरी. कडंकडंनं ये."

ठकूमावशी माझ्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य.

मोखाड्याच्या वर, त्र्यंबककडे जाणारा रस्ता चढाला लागतो तिथं बेहड्याचा पाडा आहे. तिथल्या उपकेंद्रात मी नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा भादवा चालू होता आणि धुकं असं की समोरून येणाऱ्याचा आधी खोकला भेटायचा, मग माणूस. नवी होते, म्हणून घरोघर फिरून गरोदर बाया आणि लहान पोरं यांची ओळख करून घेत होते. पाड्याची घरं संपली असं वाटलं त्याच्याही पुढं, दरीच्या अंगानं, एक आवाज यायला लागला. खर्र... खर्र... कुणी लाकूड तासत असेल असं वाटलं. मग तो आवाज एकदम थांबला. इतका एकदम की मीही पाय उचलायची थांबले. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

आवाजाच्या दिशेनं गेले तर दरीच्या अगदी काठावर कुडाचं एक खोपट. पाड्यातली सगळी घरं एकमेकांकडे तोंड करून बसलेली, हे मात्र गावाकडे पाठ करून दरीकडे बघत होतं. ओट्यावर एक म्हातारी. मी सरळ तिच्याकडे चालले आणि ती ते वाक्य बोलली. खाली चिखल असेल, नाहीतर काही वाळत घातलं असेल, म्हणून मी वाकून पाहिलं. काहीच नव्हतं. तिच्या गुडघ्यांसमोर पाट मांडावा एवढी जागा तेवढी स्वच्छ सारवलेली होती. मी वळसा घालून तिच्या बाजूला जाऊन बसले.

ती लोकर विंचरत होती. खांबाला एक फणी बांधलेली. लाकडाची मूठ आणि तिच्यात लांब, टोकदार लोखंडी दात. तशीच दुसरी हातात. खांबावरच्या फणीत काळ्या लोकरीचा पुंजका अडकवायचा आणि हातातली फणी त्यातून वरून खाली ओढायची. आधी नुसत्या टोकांतून, मग जरा आतून, मग मुळाशी. प्रत्येक ओढीला थोडी लोकर या फणीवरून त्या फणीवर यायची. कुसळं, काटे, वाळक्या लेंड्या खाली गळायच्या. मधूनच ती फणीचे दात निखाऱ्यावर शेकायची आणि बोटाला मोहाचं तेल लावून लोकरीवरून फिरवायची. आखूड तंतू दातांतच अडकून राहायचे. लांब होते ते सगळे एका दिशेनं पडायचे, न्हालेल्या बाईच्या केसांसारखे. मग ते चिमटीत धरून हलकेच ओढत ती लांब मऊ पेळू काढायची, कातायला तयार.

मी सिन्नरकडची. आमच्याकडं धनगर लोकर धनुकलीनं पिंजतात. अशी विंचरणारी बाई मी पाहिली नव्हती. तसं बोलले तर म्हणाली, "पिंजल्यावर समदं येकच व्हतं. विंचरल्यावर कळतं, कोण लांब आन् कोण आखूड."

माणसांनाही ती तोच गज लावायची. पाड्यात मतं मागायला येऊन गेलेला एक पुढारी तिच्या मते "आखूड धाग्याचा, फणीतच ऱ्हाणारा" होता. अंगणवाडीची बाई "लांब धाग्याची, पर कुसळं लई". माझ्याकडं तिनं बरेच दिवस नुसतं पाहिलं आणि एकदा निकाल दिला, "तू लांब हाईस. पर कोरडी. तेल लागतंय तुला." आणि खरोखरच तेलाचं बोट माझ्या कपाळाला लावून हसली. तिच्या हसण्याला आवाज नव्हता. नुसते खांदे हलायचे.

आवाज मधेच का थांबतो, हे मला त्याच पहिल्या दिवशी दिसलं. विंचरता विंचरता ती फणी हवेत तशीच धरायची, मान किंचित कलती करायची आणि ऐकायची. दरीत धुक्याशिवाय काही नव्हतं. मग हळूच श्वास सोडून फणी खाली आणायची. हे दिवसातून किती वेळा व्हायचं याला गणती नाही. त्याची सवय होईल असं मला वाटायचं. झाली नाही. ती ऐकायला लागली की मीही ऐकायला लागायची.

"ती बाय आमचे गावची नाय," पाड्यातली हिराआजी मला म्हणाली. "पण आता आमचीच."

हिराआजीचं घर पाड्यातलं शेवटचं, म्हणजे ठकूमावशीला सगळ्यात जवळचं. तिच्याकडून मला कळलं ते असं. दिवाळीनंतर भात निघालं की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन खाली उतरतात, शेतात मेंढरं बसवतात, जव्हार-विक्रमगडकडे फिरत राहतात आणि पावसाच्या आधी पुन्हा वर चढतात. ठकूमावशी तरुण असताना नवऱ्याच्या कळपाबरोबर अशीच फिरायची. बरोबर लेक असायची, सगुणा. परत चढताना कळपाचा मुक्काम इथं, या दरीच्या काठाला पडला होता. एक कोकरू चुकलं. सगू ते शोधायला गेली. अख्खा पाडा दरीत उतरला, हिराआजीचा सासरा दोर लावून कड्यावरून गेला. ना पोर मिळाली, ना कोकरू.

"नवरा थांबला थोडे दिवस. मग पाऊस आला, मेंढरं मरायला लागली. त्याला जावंच लागलं. ही नाय गेली. आमचे सासऱ्यानं तिला खोपट घालून दिलं."

"आणि ती समोरची जागा?"

हिराआजीनं आधी चुलीत लाकूड सारलं. "तिथनं जायचं नाय. तिथं बसते ती."

"कोण?"

"बसते म्हणजे बसते."

नवरा दरवर्षी उतरला की तिला न्यायला यायचा आणि दरवर्षी एकटाच परत जायचा. तो वारल्यावर त्याचा पुतण्या नामदेव यायला लागला. उतरताना आणि चढताना, दोन्ही वेळा तो तिच्या ओट्यावर लोकरीचं गाठोडं टाकायचा, तयार पेळू घेऊन जायचा आणि तिच्या धान्याची सोय लावायचा. वर त्याच्या घरच्या बाया सूत कातायच्या आणि त्यांच्या गावचा सणगर त्याची घोंगडी विणायचा. पाडाही तिला विसरत नसे. नवी नागली निघाली की पहिली पायली तिच्या ओट्यावर जायची. पण ठेवणारी बाई वळसा घालून जायची, आणि दिवस कलला की पोरांना त्या अंगाला फिरकू द्यायची नाही.

मावशी स्वतः याबद्दल त्या सुरुवातीच्या काळात माझ्याशी एकदाच बोलली. मी तिच्या पायाच्या भेगांना मलम लावत होते. तिनं मोकळी जागा डोळ्यांनी दाखवली.

"म्या लोकर विंचराया बसले का ती आसंल तिथनं धावत यायची. हितं, माझ्या गुडघ्यांमदी घुसायची. म्हणायची, आये, आदी माझे केस. फणीचा आवाज तिला लांबनं कळायचा." मग जरा थांबून, "चुकल्यालं मेंढरू बी घंटीच्या आवाजानं येतं. म्या हितनं हालले तर तिनं कुठं यावं?"

म्हणून ती दिवसभर ओटा सोडत नसे. पाण्याला तांबडं फुटायच्या आधी जाऊन यायची. लग्न, मयत, जत्रा, कशाला ती गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मी विज्ञान शिकलेली बाई. पोर गमावलेली आई काय काय करते ते मी दवाखान्यात पाहिलं होतं, आणि ठकूमावशीला मी त्यातच धरलं होतं. मुंबईचा तो माणूस येईपर्यंत.

तो कापडाच्या दुकानासाठी हातानं तयार केलेली लोकर शोधत फिरत होता. चांगला, हसरा माणूस. मीच त्याला तिच्याकडं घेऊन गेले. वळसा घाला म्हणून सांगेपर्यंत तो तिच्या समोर जाऊन उभा राहिला आणि मोबाइलवर फोटो घ्यायला लागला. मावशीनं फणी थांबवली. त्यानं दोनेक फोटो घेतले आणि हसत, मागे न बघताच म्हणाला, "अरे, थांब ना बाळा, देतो बघायला." मग वळला. मागं कुणी नव्हतं. त्यानं शर्टाचं टोक हातात घेऊन पाहिलं, काट्याला अडकलं होतं का म्हणून. तिथं झुडूप नव्हतं. "इथं एखादं पोर होतं ना आत्ता?" त्यानं मला विचारलं. चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, म्हणून तो चेहरा जास्तच वाईट दिसत होता. लोकरीचं बोलणं त्यानं काढलंच नाही. गाडीत बसेपर्यंत तो शर्टाचं ते टोक झटकत होता.

मावशी फक्त एवढंच म्हणाली, "तिला परकी माणसं आवडायची. लाजाळू नव्हती."

हिराआजीची सून मंगला. पौषात तिचे दिवस भरायला बराच अवकाश होता. नवरा भिवंडीकडं वीटभट्टीवर गेलेला. आणि एका दुपारी तिला एकाएकी कळा सुरू झाल्या. उपकेंद्रातच मोकळी झाली. मुलगी. ओंजळीत मावेल एवढी, रडली तीही मांजराच्या पिलासारखी. मी तिला पुसून मंगलाच्या छातीला उघड्या अंगानं लावली, टोपी घातली, वरून होतं नव्हतं ते गुंडाळलं. पण तिला जव्हारच्या दवाखान्यात नेणं भाग होतं. जीप आली ती दोन्ही बाजूंनी उघडी. हवा अशी बोचत होती की माझीच बोटं वळत नव्हती. वाटेत एवढ्याशा जिवाची ऊब टिकायची कशी, हे माझं मलाच कळेना.

आणि लोक एकदम बाजूला झाले. ठकूमावशी येत होती. दिवसाउजेडी, ओटा सोडून. तिच्या दोन्ही हातांवर विंचरलेल्या लोकरीचा जाड, काळा, मऊ थर होता, तान्ह्या बाळासारखा धरलेला.

"ही गुंडाळा," ती म्हणाली.

हिराआजी आडवी आली. "नको. ती लोकर नको. तुझे पोरीचे नावची आहे ती. तिचेत गुंडाळलेली पोर आमची राहायची नाय."

जमलेल्या बायांपैकी कुणीही आजीला चूक म्हटलं नाही. मी म्हणणार होते, पण जीपमधून मंगला बोलली. आवाज अगदी खोल गेला होता. "आत्या, थंडीनं मेली तर कुणाची राहील? द्या ती इकडं."

मावशी जीपपाशी आली, मायलेकींभोवती तो थर तिनं स्वतःच्या हातानं लपेटला, वरून फडकं बांधलं. बांधताना ती मंगलाच्या कानाशी म्हणाली आणि ते मला ऐकू आलं, "तुजी तुलाच ऱ्हाईल. म्या हाय."

जव्हारला पोचलो तेव्हा बाळाचे पाय गरम होते. बरेच दिवस दवाखान्यात काढून पोर जगली. दिपाली नाव ठेवलं. हिराआजीनं ती लोकर नदीत सोडली. मावशीला ते कळलं तेव्हा तिनं नुसती मान हलवली.

दिपाली चालायला-बोलायला लागली, अंगणवाडीत जायला लागली, आणि मी ती गोष्ट विसरूनही गेले. मग एका वैशाखात मंगला माझ्याकडं आली. करवंदांचे दिवस होते. तिच्या ओच्यात करवंदं होती आणि ती बोलता बोलता चिरडून रस लुगड्याला लागत होता, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

"बाय, माझी पोर तिथं जाऊन बसते."

"कुठं?"

"म्हातारीचे समोर. त्या जागेवर."

कुणी बोलावत नव्हतं. दुपारी सगळे सावलीला लवंडले की दिपाली उठायची, पाड्यातून सरळ चालत जायची आणि ठकूमावशीच्या गुडघ्यांसमोर, तिच्याकडं पाठ करून बसायची. मारून झालं, बांधून झालं. सुटली की पुन्हा तिथंच. हिराआजीनं भगत आणला, त्यानं दाणे टाकले आणि तो खोपटाकडं न जाताच परत गेला. भट्टीवरून परतलेले काही जण म्हणायला लागले होते की म्हातारीला पुतण्याच्या कळपाबरोबर वर धाडा, नाहीतर खोपटाला काडी लावू. मंगलाला तेही सहन होत नव्हतं. "तिच्यामुळं जगली ना माझी पोर. पण आता ती माझी राहील का नाय, ते सांगा."

आम्ही दोघी गेलो. ऊन रणरणत होतं, पान हलत नव्हतं. लांबूनच तो आवाज येत होता. खर्र... खर्र... दिपाली त्या सारवलेल्या जागेवर मांडी घालून बसली होती. मावशी तिला हात लावत नव्हती. लोकरच विंचरत होती, पण पोरीच्या डोक्यावरून दोन्ही हात पुढं काढून, तिला धक्का लागू नये अशी. मावशीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. आम्ही कडेला उभ्या राहिलो.

मावशीनं फणी हवेत धरली. मान कलती केली. ऐकायला लागली.

"आये," दिपाली म्हणाली.

मंगलाच्या पाड्यात पोरं आईला कशी हाक मारतात ते मला चांगलं ठाऊक होतं. ही तशी हाक नव्हती. ही आमच्या घाटावरची हाक होती, शेवट लांब ओढलेली.

"आये, कोकरू घावलं."

मावशी पुढं वाकली. "कुठं हाईस गं?"

"हितंच."

"मंग वर का येत न्हाईस?"

"तू हालत न्हाईस," पोर म्हणाली. तिची नजर दरीकडं होती आणि ती अगदी साध्या, थोड्या कंटाळलेल्या सुरात बोलत होती, बराच वेळ ताटकळलेलं पोर बोलतं तसं. "तू हालत न्हाईस म्हून म्या बी हालत न्हाई. समदी गेली. आपुन कवा जायचं?"

माझ्या दंडाला मंगलाची नखं रुतली होती. मी आजही स्वतःला सांगते की पोरं ऐकलेलं उचलतात. दुपार-दुपार त्या म्हातारीसमोर बसून तिची बोली दिपालीनं उचलली असेल. कोकराची गोष्ट तर सगळ्या पाड्याला माहीत होती. हे सगळं खरं असू शकतं. पण "आपण कधी जायचं" हे त्या म्हातारीला दिपालीच्या देखत कुणी कधी विचारलं होतं म्हणून पोरीनं ते उचलावं?

ठकूमावशीनं फणी खाली ठेवली. मग म्हणाली, "जाऊ. आता जाऊ."

दिपालीचे खांदे एकदम सैल पडले. तिनं डोळे चोळले, आम्हाला पाहिलं आणि मंगलाला तिच्या नेहमीच्या बोलीत म्हणाली, "मला भूक लागली."

मावशी उठली. पोरीला बगलेत धरून उचलली आणि मंगलाच्या हातात दिली. "घे तुजी लेक. म्या बोलले व्हते, तुजी तुलाच ऱ्हाईल. आता म्या जाईस्तोवर हिला हिकडं धाडू नगंस."

मंगला पोरीला घेऊन पळाली. मी थांबले. आतून पाणी आणून दिलं. मावशी घोट घोट प्याली.

"मला वाटायचं म्या तिची वाट बघतीया," ती म्हणाली. "ती माजी बघत व्हती. यवढी वर्सं, येवढुसं लेकरू, ह्या दरीत. माज्यामुळं."

"तुमच्यामुळं नाही, मावशी."

"गुंता वढू नये, पोरी," ती म्हणाली. "पर सोडवाया तर हवाच का न्हाई?"

नामदेवचा कळप चढायला निघणारच होता. मावशीनं निरोप धाडला की मी येते. निरोप घेऊन गेलेल्याला त्यानं तो पुन्हा पुन्हा सांगायला लावला म्हणे. मधल्या दिवसांत तिनं उरलेली सगळी लोकर विंचरून काढली. आता ती मधे थांबत नव्हती. आवाज सलग यायचा, सकाळपासून दिवे लागेपर्यंत, आणि पाड्यातली माणसं त्यालाच जास्त बिचकायची. इतकी वर्षं त्या थांबण्याची सगळ्यांना सोबत झाली होती.

शेवटच्या सकाळी मंगला नागलीच्या भाकरी बांधून घेऊन गेली. सवयीनं वळसा घालून जायला लागली तर मावशी म्हणाली, "सरळ ये आता." मंगला तरी कडेनंच गेली. भाकरी ठेवून पाया पडली आणि म्हणाली, "मावशी, राग नका धरू. मी घाबरले होते."

"राग कशाचा? तू ती लोकर घेतलीस, म्हून मला ऐकू आलं." मावशीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. हिराआजी आपल्या दारातूनच बघत होती. ती आली नाही. पण मावशीनं ओट्याखाली पाय ठेवला तेव्हा आजीनं पदर डोळ्याला लावला, तो मी पाहिला.

त्यानंतर दिपालीनं तिकडं तोंडही केलं नाही. आता ती शाळेत जाते, कबड्डी खेळते, आणि मी मुद्दाम एकदा घाटावरची बोली बोलून पाहिली तर माझ्याकडं बघून खुदकन हसली. तिला एक अक्षर कळलं नव्हतं. खोपट एका पावसाळ्यात बसलं. तिथं आता मंगलाच्या शेळ्या चरतात.

मावशी वर फार दिवस राहिली नाही. पुढच्या दिवाळीनंतर नामदेव उतरला तो एकटाच माझ्याकडं आला आणि पायरीवर बसून सांगितलं. झोपेतच गेली. वर गेल्यापासून तिनं फणी हातात धरली नव्हती. दिवसभर हिंडायची म्हणाला, शेजारणींकडं जायची, बाजाराला जायची, बघायचं राहिलेलं सगळं बघून घेतल्यासारखी. सारखी काहीतरी सांगत असायची, हे झाड, ती विहीर, हे तुझ्या आज्याचं घर. कुणाला सांगते म्हणून घरच्यांनी एकदा विचारलं होतं. मग विचारायचं सोडून दिलं.

पण मी तिला शेवटची पाहिली ती त्या आधी, ती निघाली त्याच दिवशी. सकाळी निरोप झाला होता. मला लशी आणायला मोखाड्याला जावं लागलं, आणि परतताना उन्हं उतरली होती. जीपचा ड्रायव्हर डहाणूकडचा, नवा, त्याची या रस्त्यावरची ती पहिलीच फेरी. पाड्याचा फाटा समोर दिसत होता, तेवढ्यात मेंढरं रस्ता ओलांडायला लागली. ड्रायव्हरनं जीप उभी केली. काळा, धुळीनं माखलेला लोंढा खालच्या उतारावरून चढत होता आणि पलीकडच्या घाटवाटेला लागत होता. पुढं नामदेव, मधे घोड्यावर बिऱ्हाड, आणि सगळ्यात शेवटी ठकूमावशी. हातात काठी, डोक्यावर घोंगडीची खोळ. मी तिला चालताना कधी पाहिलं नव्हतं, म्हणजे असं लांबवर. चांगली ताठ चालत होती. मी हाक मारली नाही. तिनं मागं वळून पाहिलं नाही. रस्ता ओलांडून ती झाडीत शिरली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

रस्ता मोकळा झाला. धूळ खाली बसायला लागली. ड्रायव्हर जीप सुरू करेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"थांबा ना सिस्टर, जाऊ द्या तिला," तो म्हणाला. त्याचा पाय ब्रेकवर होता आणि तो समोरच्या रिकाम्या रस्त्याकडं बघून कौतुकानं हसत होता. "एक पोरगी मागं राहिलीय त्यांची."

मी समोर पाहिलं. धूळ होती आणि तिच्यातून तिरपं ऊन येत होतं. त्याची मान सावकाश, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत वळत गेली. मग त्यानं स्टिअरिंगवरचा हात उचलून कुणालातरी टाटा केला.

"गेली पळत," तो म्हणाला आणि गिअर टाकला.